धोंड्याचा महिना नसलेले वर्ष

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वर्षातून चार-पाच वेळा एक छोटी सूचना हमखास भेटते. रमजान ईद, बकरी ईद, मोहरम, ईद-ए-मिलाद अशा दिवसांच्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेले असते, ‘चंद्रदर्शनानुसार बदल संभवतो.’ आपल्यापैकी बरेच जण ही सूचना केवळ सुटीच्या काळजीने वाचतात. सोमवार की मंगळवार एवढाच आपला प्रश्न असतो. पण एवढी प्रगती झालेल्या काळात उद्या सण आहे की परवा हे आज सायंकाळपर्यंत कोट्यवधी माणसांना ठाऊक नसावे, आणि त्याची त्यांना खंत नसावी, उलट आनंदच असावा, या गोष्टीचे आम्हांला फार दिवस कुतूहल वाटत आले आहे.

‘त्यांचे सण फिरते असतात’ असे आपण सहज म्हणून जातो. वास्तविक असे म्हणण्याचा अधिकार ख्रिस्ती माणसाला तरी फारसा नाही. नाताळ २५ डिसेंबरला खिळलेला आहे खरा. पण आपला सर्वांत मोठा सण, प्रभूच्या पुनरुत्थानाचा, हा २२ मार्च ते २५ एप्रिल या अवधीत मागेपुढे होत राहतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, हा त्याचा नियम. म्हणजे राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, पेन्टेकॉस्ट ही सारी माळ चंद्राच्याच दोऱ्यात ओवलेली आहे. भेद इतकाच की ख्रिस्तसभेने आपला चंद्र कोष्टकात बसवला. सन १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले, तेव्हा क्लाव्हियस या येशूसंघीय गणितज्ञाने पुढील शेकडो वर्षांच्या पौर्णिमांची व्यवस्था लावून टाकली. त्यामुळे ईस्टरसाठी आपणांपैकी कोणालाही गच्चीवर जावे लागत नाही.

आमचे शेजारी चाचा मात्र जात. नोकरीच्या निमित्ताने आम्ही भुसावळला राहावयास गेलो, तेव्हा दोन घरांमध्ये एकच भिंत होती आणि गच्चीही जवळजवळ एकच. शाबान महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी मगरिबच्या नमाजानंतर चाचा, त्यांची मुले आणि गल्लीतील निम्मी पोरे वर जमत. पश्चिमेकडे, जेथे सूर्य नुकताच बुडालेला असे त्याच्या थोडे वर, सर्वांची नजर लागलेली. नखाच्या कडेएवढी कोर, तीही अर्ध्या-पाऊण तासात मावळणारी. ती दिसली की ‘चाँद मुबारक’चा गलका होई आणि खाली चाचींची दुसऱ्या पहाटेच्या सहरीची तयारी सुरू होई. एकदा आम्ही विचारले, ‘चाचा, पंचांगात पाहून ठेवले तर हा त्रास वाचेल की!’ चाचा हसले. ‘मास्तर, तुमच्या नाताळला तारीख आहे. आमच्या ईदला चाँद आहे. तारीख घरात बसून समजते, चाँदला भेटायला वर यावं लागतं.’

हा नियम दिसतो तितका सैल नाही. चंद्राला एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास आणि ४४ मिनिटे लागतात. म्हणून महिना एकोणतीस दिवसांचा असेल किंवा तीस दिवसांचा. अठ्ठावीस नाही आणि एकतीसही नाही. एकोणतिसाव्या सायंकाळी कोर दिसली की त्याच सूर्यास्तापासून नवा महिना सुरू. नाही दिसली तर तीस दिवस पुरे करावयाचे, मग कोणी काही विचारावयाचे नाही. आकाशात ढग असतील, तर दुसऱ्या गावाहून विश्वासू साक्षीदारांची साक्ष यावी लागते. एके काळी ही बातमी तारेने येई, पुढे फोनवरून येऊ लागली. हिलाल कमिटीचे बुजुर्ग साक्ष तपासून निर्णय देतात. पावसाळ्यात सातपुड्यावरून ढग उतरले म्हणजे खानदेशातील गच्च्यांना या साक्षीचाच आधार.

दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, ही गोष्टही आपल्या ओळखीची आहे. शनिवारी सायंकाळी अर्पण केलेली मिस्सा रविवारची धरली जाते, आणि पास्काजागरण रात्री होते, त्यामागे तोच प्राचीन यहुदी हिशेब आहे. अरबस्तानात ईद एक दिवस आधी का होते, याचेही उत्तर सोपे आहे. मक्केत सूर्य आपल्याकडच्या मानाने सुमारे अडीच तास उशिरा मावळतो. तेवढ्या वेळात कोवळा चंद्र सूर्यापासून आणखी थोडा दूर सरकतो आणि दिसण्याजोगा होतो. शिवाय तेथील सरकारी पंचांग गणिताने आधीच तयार केलेले असते. खुद्द आपल्या भागातही दोन रीती नांदतात. दाऊदी बोहरा समाज कोर पाहण्यावर अवलंबून राहत नाही. फातिमी खलिफांच्या काळापासून चालत आलेल्या कोष्टकाप्रमाणे तो एक महिना तीस दिवसांचा, पुढचा एकोणतीस दिवसांचा असे धरतो, आणि तीस वर्षांच्या फेऱ्यात अकरा वेळा अखेरच्या महिन्यात एक दिवस वाढवतो. म्हणूनच बोहरी दुकानदाराची ईद बहुधा शेजारच्या सुन्नी दुकानदाराच्या आधी एखाद-दोन दिवस उरकलेली असते.

मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, शाबान, रमजान, शव्वाल, जिल्काद, जिल्हेज. ही बारा नावे प्रेषित महंमदांच्या आधीपासून अरबस्तानात रूढ होती. ‘रबी’ म्हणजे वसंत, आणि ‘रमजान’ या शब्दात होरपळीचा अर्थ आहे. याचा अर्थ एके काळी हे महिने ऋतूंना धरून होते. तसे ते राहावेत म्हणून मधूनच एखादा महिना पुढे ढकलण्याची चाल होती. तिला ‘नसी’ म्हणत. परंतु या सोयीचा गैरवापर होऊ लागला. चार महिने पवित्र, त्यांत युद्ध वर्ज्य. आणि टोळीला युद्ध तर आताच हवे, मग पवित्र महिनाच पुढे सारावयाचा! कुराणाच्या नवव्या सुऱ्याने ही चाल निषिद्ध ठरवली आणि वर्षाचे महिने बाराच, असे कायमचे ठरवून टाकले. तेव्हापासून इस्लामी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे झाले. सौर वर्षाहून ते सुमारे अकरा दिवसांनी तोकडे आहे, आणि म्हणून रमजान कधी वैशाखवणव्यात, कधी मृगाच्या पावसात, कधी हुरड्याच्या थंडीत येतो. ज्याने लहानपणी पहिला रोजा थंडीत धरला, तो तेहेतीस वर्षांनी पुन्हा थंडीतच पोहोचतो. दरम्यान त्याने सर्व ऋतूंतील उपवास भोगलेला असतो. जळगावच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात पाण्याचा थेंबही न घेता दिवस काढणे काय असते, ते २०१८ आणि २०१९ या वर्षांत आम्ही भिंतीपलीकडून पाहिले आहे. आपल्या उपवासकाळात चहाला सूट असते, हे त्या दिवसांत आम्हांला विशेषच जाणवत असे.

महिने होते, पण वर्षांना क्रमांक नव्हता. तो दुसरे खलिफा उमर यांनी दिला, हिजरी १७ मध्ये, म्हणजे सन ६३८ च्या सुमारास. अरब इतिहासकार सांगतात, की बसऱ्याचे सुभेदार अबू मूसा अल्-अशअरी यांनी तक्रार केली, आपली पत्रे येतात, पण त्यांवर तारीख नसते. कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे कळत नाही. दुसरी एक कथा अशी, की एका दस्तऐवजावर ‘शाबानमध्ये देणे’ असे लिहिलेले होते, तेव्हा उमर यांनी विचारले, कोणता शाबान? झालेला, चालू की येणारा? मग सल्लामसलत झाली. प्रेषितांच्या जन्मापासून मोजावे, मृत्यूपासून मोजावे, अशा सूचना आल्या. अखेर मक्केहून मदिनेस झालेल्या स्थलांतरापासून, हिजरतीपासून, मोजण्याचे ठरले. हिजरत झाली ती रबिलावल महिन्यात. परंतु वर्षारंभ मोहरमचा धरून सन ६२२ च्या १६ जुलैला पहिल्या वर्षाचा पहिला दिवस मानण्यात आला.

आमच्या मते यात फार मोठा अर्थ आहे. नव्या समाजाने आपला काळ कोणाच्या जन्मापासून किंवा विजयापासून मोजला नाही. घरदार सोडून परक्या गावी आसरा शोधावा लागला, त्या वर्षापासून मोजला. आणि हे काम केले कचेरीच्या निकडीने! आपला ख्रिस्ती शकही असाच जन्मला. सन ५२५ मध्ये डायोनिसियस नावाचा मठवासी ईस्टरची कोष्टके तयार करीत होता. कोष्टकासाठी वर्षांचा एखादा आरंभ हवा, म्हणून त्याने प्रभूच्या देहधारणेपासून वर्षे मोजली. दोन्ही शक महापुरुषांच्या नावाने ओळखले जातात. पण त्यांचे कर्ते हिशेब करणारे होते.

खलिफा उमर यांना ‘फारूक’ अशी पदवी होती. हे नाव खानदेशाला परके नाही. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर आहे. तेथे सन १३८२ मध्ये मलिक राजाने जी सत्ता उभारली, ती फारुकी घराण्याची, आणि हे घराणे आपली वंशावळ याच उमर फारूक यांच्यापर्यंत नेई. वंशावळ कितपत खरी, हा इतिहासकारांचा प्रश्न. पण ज्या खलिफाने हिजरी सन सुरू केला त्याचे नाव सांगणारे राजे दोनशेहून अधिक वर्षे तापीच्या खोऱ्यात राज्य करून गेले, १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडेपर्यंत. थाळनेरला त्यांच्या कबरी आहेत. त्यांची पुढची राजधानी बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात गेले असले तरी रावेरहून ते शेजारचेच गाव आहे. तेथील जामा मशिदीत जाण्याचा योग आला, तर पश्चिमेकडील भिंतीवरचा लेख अवश्य पाहावा. राजा अली खान फारुकीने ही मशीद बांधली. अरबी लेखात हिजरी ९९७ हे वर्ष आहे. आणि त्याच मशिदीत देवनागरी अक्षरांत संस्कृत लेखही आहे. त्यात विक्रम संवत् १६४६, शके १५११, पौष महिना, शुक्ल पक्ष, तिथी, वार, नक्षत्र असे सारे यथासांग दिलेले आहे. मशीद बांधणाऱ्या राजाला आपला दिवस दोन्ही पंचांगांत नोंदवावासा वाटला. आम्ही तो लेख पाहून बाहेर आलो तेव्हा बराच वेळ कोणाशी बोललो नाही.

अर्थात राज्य चालवावयाचे तर शेतसारा हवा, आणि सारा पिकावर येतो. पीक सूर्याचे ऐकते, चंद्राचे नाही. बत्तीस सौर वर्षांत चंद्राची तेहेतीस वर्षे होतात. हिजरी सनाप्रमाणे सारा घेतला तर शेतकऱ्याने पिके बत्तीस काढली आणि सारा तेहेतीस वर्षांचा भरला, असा अन्याय होणार. म्हणून मुस्लिम राज्यकर्त्यांनीच वाटा काढल्या. अकबराने हिजरी ९६३ हा आकडा घेऊन तेथून पुढे सौर वर्षे मोजली. तो फसली सन. दक्षिणेत त्याही आधी, सन १३४४ च्या सुमारास, शुहूर सन आला. हिजरी ७४५ चा आकडा तसाच ठेवला, पण वर्षारंभ मात्र सूर्य मृगात जातो त्या दिवशी. मराठी कागदांत याला मृगसाल म्हणतात. मृगाची वाट पाहणाऱ्या खानदेशी शेतकऱ्याला याहून आपले वाटेल असे नाव कोणते?

या कागदांची ओळख आम्हांला धुळ्यात झाली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अखेरचा श्वास ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच घेतला आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावे तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. मोडीतील पत्रांच्या शेवटी ‘छ’ हे अक्षर येते, पुढे आकडा आणि महिना. छ ५ रमजान, छ १२ सफर. ‘छ’ ही चंद्राच्या तारखेची खूण. पेशव्यांच्या दप्तरातील ब्राह्मण कारकून शके आणि तिथी जाणत होता, तरी रोजच्या पत्रावर चंद्राची मुसलमानी तारीख घालीत होता आणि वर्ष अरबी शब्दांत लिहीत होता. अर्बा म्हणजे चार, खमस म्हणजे पाच, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. त्या दिवशी हिजरी सन ११७४ होता, आणि शुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. चौदाव्या शतकात एकाच आकड्यावर असलेले दोन सन चारशे वर्षांत तेरा वर्षांनी दुरावले होते! चंद्राचे अकरा दिवस साठत साठत काय करतात, हे यावरून दिसावे. ‘सन’, ‘साल’ आणि ‘तारीख’ हे शब्द आपल्या भाषेत कोठून आले, हेही तेथेच उमजते.

आता ज्यासाठी हे सारे लिहावयास बसलो, त्या मुद्द्याकडे वळतो. सण जवळ आले की आमच्या भागात शांतता समितीची बैठक होते आणि ‘ख्रिस्ती समाजाचे’ म्हणून आम्हांलाही बोलावणे येते. (आम्ही कोणाच्याच बाजूचे नाही असे दोन्ही बाजूंना वाटते, अल्पसंख्य असण्याचा हा एक लाभ.) अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २०२३ मध्ये एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. २०२४ मध्ये १६ आणि १७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये ५ आणि ६ सप्टेंबरला. २०२३ च्या बैठकीत एक तरुण तावातावाने म्हणाला, ‘बरोबर आमच्या विसर्जनालाच यांचा जुलूस कसा येतो? तारीख तर हेच लोक ठरवतात!’ समोरच्या बाकावरील काही चेहरे एकदम ताठ झाले. धुळे शहराने ऑक्टोबर २००८ आणि जानेवारी २०१३ मध्ये जे सोसले, ते या पट्ट्यात कोणी विसरलेले नाही. अशा वेळी एका वाक्याचे काय होईल, सांगता येत नाही.

आम्ही खिशातील पेन्सिल काढली आणि दिनदर्शिकेच्या पाठीवर दोन उभ्या ओळी लिहिल्या. एका बाजूला आपले मराठी महिने, दुसऱ्या बाजूला मुसलमानी. महाराष्ट्रात महिना अमावास्येनंतर सुरू होतो, मुसलमानी महिनाही अमावास्येनंतरची कोर दिसली की सुरू होतो. दोघांचा चंद्र एकच, अंतर एखाद-दोन दिवसांचे. म्हणून कोणताही मराठी महिना घ्या, त्याच्या जोडीने एक मुसलमानी महिना चालतच असतो. ही जोडी कधी सुटते? धोंड्याचा महिना आला की! सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी आपल्याकडे अधिक मास येतो, जावयाला वाण मिळते, आणि मराठी वर्ष पुन्हा ऋतूंशी जुळते. मुसलमानी वर्षात धोंडा नाही, कारण नसी निषिद्ध. आपण थांबतो, ते पुढे जातात. जोडी एका घराने सरकते.

२०२० च्या अधिक आश्विनानंतर २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत आषाढाची जोडी जिल्हेजशी होती. म्हणून २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. त्या वेळी महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुस्लिम बांधवांनी आपण होऊन एकादशीच्या दिवशी कुर्बानी केली नाही. ती पुढील दोन दिवसांतही करता येते, याचा आधार घेतला. मग २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि जोडी सरकली. आषाढ मोहरमशी जुळला. २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला एकादशी आणि मोहरमचा दहावा दिवस एकत्र आले. भाद्रपद रबिलावलशी जुळला आणि गणपतीच्या दिवसांत मिलाद आली. २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने ही जोडीही सुटते आणि रबिलावल श्रावणात जातो. यात कोणाचा डाव नाही, कोणाची युक्ती नाही. फार तर धोंड्याला दोष द्यावा!

तरुणाने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. बोलला काही नाही. जुलूस त्या वर्षी दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला निघाला. राज्य शासनानेही मिलादची सुटी २९ तारखेला दिली. तो निर्णय पेन्सिलीने झाला नाही, हे आम्ही जाणतो. तो मुंबईपासून अनेक गावांतील मुस्लिम पुढाऱ्यांनी आधीच घेतला होता. पण आमच्या गल्लीपुरते सांगावयाचे, तर बैठकीच्या शेवटी चहा आला, तेव्हा दोन्ही बाके एकमेकांजवळ ओढलेली होती.

अलीकडचे एक वर्ष तर विशेषच आठवते. २०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला. आमच्या घरी क्रुसाची वाट करून परतावे तो भिंतीपलीकडे रावेरची केळी, कलिंगडाच्या फोडी आणि खजूर मांडून सारे अजानची वाट पाहत असत. महिनाअखेर अमावास्या २९ मार्चला झाली; ३० तारखेला दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या, त्याच सायंकाळी चाँद दिसला आणि ३१ ला ईद झाली. एका अमावास्येच्या पोटी चैत्र आणि शव्वाल जन्मले.

चाचा आता नाहीत. हिजरी हिशेबाने ते ऐंशी वर्षांचे होऊन गेले. आमच्या हिशेबाने सत्त्याहत्तर पुरे आणि वर काही महिने. त्यांच्या मुलाने परवा फोनवर विचारले, ‘मास्तर, नाताळ आणि रमजान पुन्हा कधी एकत्र येणार?’ १९९८, १९९९ आणि २००० अशी लागोपाठ तीन वर्षे नाताळ रमजानात आला होता. तेव्हा आमच्या घरची करंज्यांची आणि केकची ताटे आम्ही सकाळी न पाठवता मगरिबनंतर पाठवीत असू, आणि त्यातील पहिली करंजी खजुरानंतर लगेच संपे. आम्ही हिशेब करून सांगितले. २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होतो, जानेवारीत आणि पुन्हा वर्ष संपता संपता, नाताळच्या अगदी लगोलग. २०३१ आणि २०३२ मध्ये नाताळ पुरता रमजानात आहे. दिवस नेमका कोणता, ते मात्र गच्चीवर जाऊनच कळेल. तो म्हणाला, जिना आता चढवत नसेल, तर खुर्ची वर नेऊन ठेवू.